साइनबोर्डच्या छोट्या व्यवसायाचं माहितीपत्रक: कोऱ्या कागदापासून छापखान्यापर्यंत

बोर्ड बनवणाऱ्यांची माहितीपत्रकं बहुतेक वेळा एकाच कारणाने फसतात. ती बोर्डासारखीच केलेली असतात. बोर्ड रस्त्यावरून जाता जाता चार सेकंदांत वाचला जातो, तर माहितीपत्रक हातात धरून, डोळ्यांपासून फूट-सव्वा फुटावर, सावकाश वाचलं जातं. अक्षरं किती मोठी, शब्द किती, रंग किती भडक, फाइल कशी बनवायची, या सगळ्यातल्या बोर्डाच्या सवयी कागदावर उलट्या पडतात. बोर्डाचं काम हातात बसलेलं आहे, पण स्वतःचं माहितीपत्रक पहिल्यांदाच करताय, अशांसाठी हा लेख आहे.

इथे ए४ कागदाला दोन घड्या घालून होणारं सहा पॅनेलचं माहितीपत्रक धरलं आहे. छोट्या व्यवसायाला ते पुरतं. बोर्डांचे प्रकार, सात-आठ फोटो आणि संपर्क एवढं त्यात आरामात बसतं, आणि ते खिशातही मावतं.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- तुमच्या लोगोची व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी. जेपीजी नाही. बोर्ड करणाऱ्याच्या स्वतःच्याच लोगोच्या कडा फाटलेल्या दिसल्या तर पुढचं कोणी वाचत नाही.
- बसवून झालेल्या १२ ते १५ कामांचे मूळ फोटो, थेट कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून घेतलेले. मेसेजिंग ॲपवरून फिरून आलेला फोटो आकुंचन पावलेला असतो. तो पडद्यावर बरा दिसतो, कागदावर नाही.
- ज्या ग्राहकांच्या बोर्डाचे फोटो किंवा लोगो छापणार, त्यांची लेखी परवानगी. एका ओळीचा मेसेजही चालतो, पण तो जपून ठेवा.
- घड्या घालायला चार-पाच कोरे ए४ कागद, मोजपट्टी, पेन्सिल.
- पानांची मांडणी करता येईल असं सॉफ्टवेअर. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इनडिझाइन किंवा मोफत मिळणारं स्क्रायबस, यातलं हाताला सवयीचं असेल ते.
- छापखान्याकडून आधीच विचारून घेतलेल्या चार गोष्टी: ब्लीड (कापणीच्या रेषेबाहेर जास्तीचा छापलेला भाग) किती हवं, फाइल कोणत्या प्रकारची हवी, घडी यंत्रावर होते की हाताने, आणि प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) देतात का.

१. हे कोणाच्या हातात जाणार ते ठरवा

नवं दुकान उघडणारा, दवाखान्याची किंवा कार्यालयाची आतली सजावट करून घेणारा, आणि कारखान्यात सुरक्षेच्या सूचना लावणारा, हे तीन वेगळे वाचक आहेत. तिघांना एकाच पत्रकात गाठायला गेलात तर यादी लांबत जाते आणि कोणालाच आपली गोष्ट सापडत नाही. तुमचं सर्वाधिक काम ज्याच्याकडून येतं, त्याच्यासाठी लिहा. बाकीच्यांना एका पॅनेलचा कोपरा पुरे.

२. आधी कागद घडी करा, मग संगणक उघडा

सगळ्यात महागडी चूक इथे होते, म्हणून इथे वेळ घ्या.

ए४ आडवा धरला की रुंदी २९७ मिमी आणि उंची २१० मिमी. त्याचे ९९ मिमीचे तीन सारखे भाग केले की आत मिटणारं पॅनेल घडीत अडतं, फुगतं किंवा कडेला चुरगळतं. म्हणून आत जाणारं पॅनेल २ ते ३ मिमीने अरुंद ठेवतात. सोपं माप असं: १००, १०० आणि ९७.

आता खरी मेख. ९७ मिमीचं पॅनेल दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी येत नाही. बाहेरच्या बाजूला डावीकडून उजवीकडे क्रम असा लागतो: आत मिटणारं पॅनेल ९७, मागचं पान १००, मुखपृष्ठ १००. आतल्या बाजूला डावीकडून १००, १००, ९७. कागद उलटला की डावं-उजवं बदलतं, एवढंच त्यामागचं कारण. दोन्ही बाजूंना एकच मार्गदर्शक रेषा ठेवल्या तर एका बाजूचा मजकूर घडीवर जातो आणि हे छापून आल्यावरच कळतं.

कोरा कागद या मापाने मोडा आणि सहाही पॅनेलवर पेन्सिलने नावं लिहा. मग वाचक उघडेल तसा उघडून पाहा. मुखपृष्ठ उघडताच डावीकडे आतलं पहिलं पॅनेल दिसतं आणि उजवीकडे आत मिटलेलं ९७ मिमीचं पॅनेल. म्हणजे ते दुसऱ्या क्रमांकाला वाचलं जातं. बहुतेक जण तिथे उरलंसुरलं काहीतरी टाकतात. तुमची दुसरी सगळ्यात भारी जागा तीच आहे.

फाइलचं माप: चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून ३०३ × २१६ मिमी. कडेपर्यंत जाणारा रंग किंवा फोटो ब्लीडपर्यंत ताणा. मजकूर कापणीच्या रेषेपासून किमान ५ मिमी आत आणि घडीपासूनही तेवढाच दूर ठेवा. कापणी आणि घडी दोन्ही अर्धा-एक मिमी सरकतात. म्हणूनच घडीच्या बरोबर रेषेवर रंग बदलू नका. एका पॅनेलचा निळा शेजारच्या पांढऱ्यावर डोकावला की काम हलकं दिसतं.

३. सहा पॅनेलवर काय ठेवायचं

मुखपृष्ठावर एक उत्तम फोटो, एक ओळ आणि तुमचं नाव. ओळ ग्राहकाच्या फायद्याची हवी. ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ ही ओळ कोणत्याही धंद्यावर बसते, म्हणून ती काहीच सांगत नाही. ‘दुकान बंद असलं तरी नाव दिसत राहील’ ही ओळ फक्त उजळणाऱ्या बोर्डाचीच असू शकते.

आत मिटणाऱ्या पॅनेलवर ग्राहकाला घरी ठेवावंसं वाटेल असं काही द्या. अक्षरांच्या उंचीचा तक्ता त्यासाठी फार चांगला. बोर्डाच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे: दर १० फूट अंतराला १ इंच अक्षर.

- ३० फुटांवरून वाचायचं असेल तर ३ इंच
- ६० फुटांवरून ६ इंच
- १२० फुटांवरून १२ इंच

खाली एक सूचना लिहा की हे साध्या, ठळक अक्षरांसाठी आहे. देवनागरीत उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची, वरखालच्या मात्रा सोडून. जोडाक्षरं जास्त असतील तर त्यांच्या पोकळ्या लांबून बुजतात, तेव्हा उंची वाढवावी लागते. असा तक्ता असलेलं पत्रक टेबलाच्या खणात राहतं.

आतली तीन पॅनेल उघडल्यावर एकसंध दिसतात. तिथे बोर्डांचे प्रकार द्या, पण साहित्याच्या नावाने नको. ‘एसीपी’, ‘सनबोर्ड’, ‘वन वे व्हिजन’ हे शब्द तुमच्या रोजच्या तोंडातले असले तरी ग्राहकाला ते माहीत असतीलच असं नाही. त्याच्या गरजेने विभागणी करा: रात्रीही दिसायला हवा असा, उन्हापावसात टिकायला हवा असा, काचेवर लावायचा, आत दिशा दाखवायचा, थोड्या दिवसांसाठी लागणारा. साहित्याचं नाव खाली लहान अक्षरात येऊ द्या.

मागच्या पानावर संपर्क. त्याच्या वर एक चौकट ठेवा, ‘फोन करण्याआधी हे मोजून ठेवा’:

१. जागेची रुंदी आणि उंची. दोन्ही कर्णही मोजा, भिंती क्वचितच काटकोनात असतात.
२. बोर्डाची खालची कड जमिनीपासून किती उंचीवर येणार.
३. लोक बोर्ड किती अंतरावरून वाचणार.
४. मागे काय आहे: विटांची भिंत, काच, पत्रा की लाकूड.
५. विजेचा पॉइंट कुठे आहे.
६. लोगोची मूळ फाइल कोणाकडे आहे.
७. जागेचा समोरून घेतलेला एक फोटो.

या चौकटीमुळे येणारा फोन ‘बोर्ड केवढ्याला पडेल’ एवढ्यावर अडत नाही. मापं हातात असतात आणि पहिल्याच बोलण्यात अंदाज देता येतो. पूर्ण पत्रकात एवढी उपयोगी जागा दुसरी नाही.

४. मजकूर लिहिताना

एका प्रकाराला तीन ओळी पुरतात: कुठे चालतो, कशाचा असतो, काय लक्षात ठेवायचं. फोटोखालची ओळ मात्र नेमकी लिहा. ‘आमचं एक सुंदर काम’ यातून वाचकाला काही मिळत नाही. ‘एसीपीवर ॲक्रिलिक अक्षरं, उंची १२ इंच, मागून पांढरा प्रकाश’ असं लिहिलं की ग्राहक बोट ठेवून ‘हे असं हवं’ म्हणू शकतो.

दर छापू नका. साहित्याचे भाव बदलले की गठ्ठा वाया जातो. दर द्यायचेच असतील तर साध्या कागदावर वेगळी चिठ्ठी छापून आत ठेवा.

हमीबद्दल मोघम लिहू नका. उजळणाऱ्या बोर्डात एलईडी मॉड्यूल आणि पॉवर सप्लाय यांची हमी वेगवेगळी असू शकते. ‘पाच वर्षं हमी’ असं नुसतं छापलं की ग्राहक ती व्हिनाइलच्या रंगालाही लावतो. कशावर, किती काळ आणि किती, हे उत्पादकाच्या अटींप्रमाणे लिहा. बोर्ड लावण्याची परवानगी कोण काढणार, हेही एका ओळीत सांगा. त्यावरून पुढे वाद होतात.

५. फोटो

उजळणाऱ्या बोर्डाचा फोटो काळ्या रात्री घेऊ नका. अक्षरं पांढरीफटक होतात आणि भोवतीचं दुकान गायब. सूर्य मावळल्यानंतरची १५ ते ३० मिनिटं सगळ्यात चांगली, कारण तेव्हा आकाश गडद निळं असतं आणि भिंतही दिसते. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा. फोनवर अक्षराला स्पर्श करून उजेड खाली ओढा, इतका की अक्षराचा मूळ रंग परत दिसू लागेल.

एलईडीच्या फोटोत आडवे काळे पट्टे आले तर दोष बोर्डाचा नसतो. एलईडी डोळ्याला न कळणाऱ्या वेगाने लुकलुकतात आणि जलद शटर तो लुकलुकाट पकडतं. शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवलं की पट्टे बहुधा जातात.

बोर्ड उंचावर असतो, म्हणून खालून घेतलेल्या फोटोत तो वर निमुळता होतो. जवळून रुंद लेन्सने घेण्यापेक्षा मागे सरका आणि थोडं झूम करा. उरलेला तिरकेपणा संगणकावर सरळ करता येतो. आरशासारख्या स्टीलच्या अक्षरात फोटो काढणारा दिसतो. किंचित बाजूला उभे राहा आणि गडद कपडे घाला. काच आणि ॲक्रिलिकची चमक तिरक्या कोनातून, लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून कमी होते, उघड्या धातूवर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

सगळे फोटो लांबून घेतलेले नकोत. अक्षराची कड, व्हिनाइलचा कोपरा, जोड न दिसणारी चौकट, असा एखादा तरी अगदी जवळचा फोटो हवा. सफाई तिथेच दिसते. गाड्यांचे नंबर आणि ओळखू येणारे चेहरे झाकायला विसरू नका. इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याचा बोर्ड तर कधीच छापू नका. ‘हे कुठे लावलंय’ असं ग्राहक विचारतोच.

६. अक्षरं

देवनागरी मजकूर १० ते ११ पॉइंट, आणि ओळींतलं अंतर १५ ते १६ पॉइंट. रोमनला चालणारं अंतर इथे कमी पडतं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना टेकतात. मथळे १६ ते २० पॉइंट पुरे. हात आपोआप ४० कडे जातो, तो आवरा. फॉन्ट दोनच: एक मथळ्याला, एक मजकुराला.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की त्याची रद्दी होते. युनिकोड वापरा. तरीही सॉफ्टवेअरची मांडणी देवनागरीसाठी सुरू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं हलन्ताने सुटी होतात. इनडिझाइनमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर निवडावा लागतो. तपासायला एक शब्द पुरतो: ‘विश्वासार्ह’. त्यातली वेलांटी, श्व आणि रफार जागेवर असेल तर बाकी मजकुरावर सहसा भरवसा ठेवता येतो.

७. रंग

मोठ्या प्रिंटिंग मशीनला आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली फाइल दिली तरी तिचं सॉफ्टवेअर ती सांभाळून घेतं. ऑफसेटला, म्हणजे छापखान्यात प्लेटवरून होणाऱ्या छपाईला, सीएमवायके लागतं: सायन, मॅजेन्टा, पिवळी आणि काळी, अशा चार शाया. पडद्यावरचे झगझगीत निळे, हिरवे आणि केशरी रंग कागदावर मंद होतात, आणि एलईडी बोर्डांच्या फोटोंत नेमके तेच रंग असतात. फोटो स्वतः सीएमवायकेमध्ये बदलून पाहा आणि जो अगदीच मेला असेल तो बदला.

निळा छापताना सायन १०० आणि मॅजेन्टाही १०० ठेवलं तर तो जांभळा येतो. मॅजेन्टा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. बारीक मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के. चार शाया मिळून केलेल्या काळ्यात प्लेट केसभर सरकली तरी अक्षराभोवती रंगीत सावली येते. मोठ्या काळ्या पट्ट्याला ६०-४०-४०-१०० चालतं, पण चारही शायांची बेरीज ३०० च्या वर नेऊ नका. शाई वाळत नाही आणि शेजारच्या कागदाला डाग लागतो.

८. बोर्डाच्या फाइलमधून आलेले खडे

हा भाग खास बोर्डवाल्यांसाठी आहे. इतर डिझाइनरना हे खडे सहसा लागत नाहीत.

*रिझोल्यूशन.* फ्लेक्सला ७२ ते १०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) भागतं, कारण तो लांबून पाहतात. इथे छापायच्या मापात ३०० डीपीआय हवं. पॅनेलभर, म्हणजे १०० मिमी रुंद फोटोला सुमारे ११८० पिक्सेल रुंदी लागते. छोटा फोटो सॉफ्टवेअरमध्ये ताणून आकडा ३०० केला तरी तपशील वाढत नाही.

*हेअरलाइन.* कटिंग प्लॉटरसाठी कोरलड्रॉमध्ये हेअरलाइन, म्हणजे केसाएवढी बारीक रेषा, ठेवायची सवय असते. ती रेषा छपाईत जवळजवळ दिसतच नाही, किंवा तुटक येते. प्रत्येक रेषा किमान ०.२५ पॉइंट करा. गडद पार्श्वभूमीवरची पांढरी रेषा अर्धा पॉइंट.

*कटिंगचा स्पॉट कलर.* प्रिंट-अँड-कटच्या फाइलमधून लोगो उचलला तर ‘कटकंटूर’ नावाची, यंत्राला कुठे कापायचं ते सांगणारी आणि स्पॉट कलर म्हणजे स्वतंत्र शाईचा रंग असलेली रेषा सोबत येऊ शकते. छापखान्यात तिची पाचवी प्लेट निघते, नाहीतर लोगोभोवती गुलाबी रेघ छापली जाते. पॅलेटमध्ये असा रंग शिल्लक आहे का ते पाहा आणि काढून टाका.

*१:१० चं प्रमाण.* मोठे बोर्ड दहाव्या हिश्शात काढले जातात. तिथून उचललेल्या वस्तूंच्या सावल्या आणि रेषांची जाडी इथे चुकीची बसते. सगळं खऱ्या मापात, १०० टक्के झूमवर तपासा.

*ओव्हरप्रिंट.* पांढऱ्या अक्षराला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न काढता त्यावरच छापणं) चालू राहिलं तर ते पडद्यावर दिसतं आणि कागदावर नाहीसं होतं. पीडीएफ बघताना ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू सुरू करा.

९. क्यूआर कोड

बाजू किमान २० मिमी, हलक्या पार्श्वभूमीवर गडद, आणि भोवती कोडातल्या चार चौकोनांएवढी मोकळी जागा. फुकट सेवेवर बनवलेला बदलता कोड पुढे बंद पडला तर छापलेली सगळी पत्रकं मुकी होतात. स्वतःच्या वेबसाइटचा थेट पत्ता घालून स्थिर कोड करा. घडीवर तो येऊ देऊ नका. छापील नमुन्यावरून दोन वेगळ्या फोनवर तपासा, पडद्यावरून नाही.

१०. कागद आणि संख्या

१०० जीएसएमच्या (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅम) खाली मागची छपाई पुढे दिसते. १३० ते १७० जीएसएम आर्ट पेपर ठीक. त्याहून जाड घेतलात तर घडीआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं, हवंच, नाहीतर गडद रंग घडीवर तडकून पांढरी रेघ उमटते. कागदाचा दाणा, म्हणजे त्यातले तंतू, घडीच्या दिशेने ठेवायला सांगा, घडी स्वच्छ बसते. चकचकीत कागदावर फोटो खुलतात, मॅटवर पेनने लिहिता येतं. तुम्ही जागेवर जाऊन त्यावरच मापं टिपणार असाल तर मॅट घ्या आणि लॅमिनेशन टाळा.

शे-दोनशे प्रती डिजिटलवर, हजाराच्या पुढे ऑफसेटवर. पहिली खेप छोटीच काढा. ग्राहक काय विचारतात ते कळलं की मजकूर बदलावासा वाटतोच.

११. फाइल देणं आणि प्रूफ

फॉन्ट वळणांत, म्हणजे कर्व्हजमध्ये बदला. मूळ फाइल मात्र वेगळ्या नावाने जपा, कारण कर्व्हज केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. पीडीएफ ब्लीड आणि कापणीच्या खुणांसह काढा. छापखाना मागेल त्या प्रकारात, बहुधा पीडीएफ/एक्स-१ए.

स्वतःच्या प्रिंटरवर १०० टक्के मापात दोन्ही बाजूंनी छापा. ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद, आणि दोन्ही बाजूंच्या छपाईत आखूड कडेवर उलटण्याचा पर्याय निवडा. नाहीतर आतली बाजू उलटी येते. घडी घाला. डिझाइन न पाहिलेल्या माणसाला ते वाचायला द्या आणि छापलेल्या नंबरावर त्यालाच फोन लावायला सांगा. चुकलेला आकडा लिहिणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही.

पीडीएफ प्रूफवरून मजकूर पास करता येतो, रंग नाही. रंगासाठी त्याच कागदावरचा छापील नमुना मागा.

१२. गठ्ठा ताब्यात घेताना

वरच्या दहा प्रती पाहून सही करू नका. गठ्ठ्याच्या वरून, मधून आणि खालून काही प्रती काढा. घडी सरळ आहे का, आतलं पॅनेल अडकत नाही ना, एकाच निळ्याच्या दोन छटा तर नाहीत ना, मागच्या पानावर शाईचा ठसा उठला आहे का, हे उजेडात पाहा. एक प्रत उलगडून मोजपट्टी लावा: १००, १००, ९७. पास झालेली एक प्रत अंतिम फाइलच्या नावासह फाइलला लावून ठेवा. पुढच्या खेपेला रंग जुळवायला छापखान्याला तीच द्यायची.